ओझार्कच्या डोंगरांतील ओक-हिकरीचें अरण्य

ओक हें नांव महाराष्ट्रांत आडनांव म्हणून जितकें परिचित आहे तितकें वृक्ष म्हणून नाहीं. बाटलीचें बूच ज्या सालीचें करतात ती साल भूमध्य समुद्राकांठच्या एका ओकाचीच, आणि हिमालयांत ज्याला बांज म्हणतात तोहि ओकच. हिकरी तर त्याहूनहि अनोळखी. परंतु ती अक्रोडाच्या कुळांतील असून, मोठ्या शहरांत हल्लीं ‘पेकन’ या नांवानें जो सुका मेवा मिळतो तो एका हिकरीच्याच फळांतील गर होय. हे दोन वृक्ष जेथें शेजारीं शेजारीं नांदतात तें अरण्य अमेरिकेच्या पूर्वार्धांत फार दूरवर पसरलें आहे. त्याचा इतिहास नीट वाचावयाचा असेल तर मात्र मिसूरी संस्थानाच्या दक्षिणेकडील ओझार्क डोंगरांत शिरावें.

हे डोंगर उंचीनें डोळे दिपविणारे नाहींत. मिसूरींतील सर्वांत उंच जागा टॉम सॉक ही १७७२ फुटांची. आपल्या कळसूबाईच्या एक-तृतीयांशहि नाहीं. वस्तुतः हें पाण्यानें कोरून काढलेलें एक जुनें पठार आहे. खालचा खडक चुनखडीच्या जातीचा. पावसाचें पाणी त्यांत जिरतें, भेगा रुंदावीत जातें आणि पोटांत भुयारें पाडतें. एकट्या मिसूरींत सात हजारांवर गुहांची नोंद झाली आहे. करंट नदीकांठच्या ‘बिग स्प्रिंग’ या झऱ्यांतून दिवसाला सरासरी २८ कोटी गॅलनांहून अधिक पाणी बाहेर पडतें. वर मात्र मातीचा थर पातळ आणि गारगोट्यांनीं भरलेला. शेती नदीकांठच्या चिंचोळ्या पट्टींत. उतारांवर रान आणि चराई. नैर्ऋत्येकडील उघड्या खडकाळ उतारांवर तर निवडुंग व विंचू आढळतात, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

ओकांचीं येथें दोन घराणीं आहेत, पांढऱ्या ओकाचें व तांबड्या ओकाचें. पहिल्याच्या पानांचे खंड गोलसर, दुसऱ्याचे टोंकदार, असा भेद पुस्तकांत सांगतात. खरा भेद खारीला ठाऊक आहे. पांढऱ्या ओकाचें फळ शरद ऋतूंत जमिनीवर पडतांच मूळ सोडूं लागतें. तांबड्याचें फळ हिंवाळाभर निजून वसंतांत जागें होतें. म्हणून पांढऱ्याचें फळ मिळालें कीं करडी खार तें बहुधा तेथेंच खाऊन टाकते, आणि पुरावयाचेंच झालें तर पुष्कळदां आधीं त्याचा अंकुर दांतांनीं कुरतडून काढते, म्हणजे तें रुजत नाहीं. तांबड्याचें फळ ती जसेंच्या तसें पुरून ठेवते. या बेगमींतील जें विसरलें जातें, किंवा जें खाण्यापूर्वींच खार ससाण्याच्या तावडींत सांपडते, त्यांतून अरण्याची पुढची पिढी उगवते. ओक दरवर्षीं सारखा फळतहि नाहीं. एखाद्या वर्षीं फळांचा खच पडतो आणि मग तो हात आंखडता घेतो. हरिण, टर्की, अस्वल, उंदीर या सर्वांचा हिंवाळा त्या बहरावर अवलंबून असतो.

माणसानेंहि हा घराण्यांचा भेद हेरला. पांढऱ्या ओकाच्या लांकडांतील सूक्ष्म नळ्या आपोआप बुजून जातात, त्यामुळें त्याचें पिंप पाझरत नाहीं, तांबड्याचें पाझरतें. बूर्बन व्हिस्की ओकाच्या नव्या, आंतून जाळलेल्या पिंपांतच मुरविली पाहिजे असा अमेरिकेंत कायदा आहे. एकदां वापरलेलें पिंप तिला पुन्हां चालत नाहीं. तेव्हां पांढऱ्या ओकाला गिऱ्हाइकांची वाण नाहीं. चिवट हिकरीचे कुऱ्हाडीस दांडे करतात.

१८०८ च्या तहानें ओसेज लोकांकडून या मुलखाचा मोठा भाग घेण्यांत आला. मागून आलेले गोरे वसाहतवाले ओढ्याकांठीं मका पिकवीत व डुकरें रानांत मोकाट सोडीत. त्या काळीं ओकांच्या जोडीला आंखूड पानांचा पाइन विपुल होता. १८८० नंतर रेल्वे आली, ग्रँडिन येथें ‘मिसूरी लंबर अँड मायनिंग’ कंपनीची प्रचंड गिरणी उभी राहिली, आणि पाइन संपत आला तेव्हां १९०९ सालीं ती बंदहि पडली. गांवकऱ्यांनीं मग ओक तासून रेल्वेचे स्लीपर केले, उरलेल्या रानाला गवतासाठीं दर वसंतांत आग लावली. उघड्या उतारांवरून खडी वाहून नद्यांत आली. १९२५ च्या सुमारास सबंध मिसूरींत हरणें उरलीं अवघीं चारशें.

१९३६ सालीं तेथील मतदारांनीं घटनेंत दुरुस्ती करून वन्य जीव व अरण्यें यांसाठीं स्वतंत्र मंडळ निर्माण केलें. १९७६ सालीं त्यासाठीं दर डॉलरच्या खरेदीमागें सेंटाचा आठवा भाग कर देण्याचेंहि मतानेंच मान्य केलें. लोकांनीं आपण होऊन कर मागून घ्यावा, ही गोष्ट कोणत्याहि देशांत विरळाच. हरणें आज दहा लाखांवर गेलीं आहेत. ‘मार्क ट्वेन’ राष्ट्रीय अरण्य १९३९ सालचें. वणवे विझविण्याचा तर चंगच बांधला गेला, आणि डोंगरी लोकांचा रोष पत्करूनहि तो तडीस नेला.

पण आग थांबली आणि ओकांचेंच कठीण झालें. जुन्या खोडांच्या वर्तुळांतील जळाल्याच्या खुणा मोजल्या तेव्हां दिसलें कीं, गोऱ्यांच्या पूर्वींहि येथें कित्येक ठिकाणीं दर थोड्या वर्षांनीं वणवा लागत असे. ओकाचें रोप वरून जळालें तरी खोल मुळापासून पुनः धुमारे फोडतें. मेपलचें कोंवळें रोप मरतें. आग नाहीं म्हणून सावली दाटली, सावलींत मेपल फोंफावला, आणि ओकाच्या रोपाला ऊन मिळेना. माथ्यावर ओकांचें राज्य दिसतें, खालीं वारस नाहीं. यास्तव आतां जाणकार माणसें वारा व ओल पाहून मुद्दाम आग लावतात. तिलाहि विरोध आहे, आणि तो अगदींच निराधार नाहीं. भाजलेल्या बुंध्याची किंमत उतरते, आणि मिसूरींतील चार-पंचमांशांहून अधिक अरण्य खाजगी मालकीचें आहे.

जेथें ही आग फिरली तेथें उघड्या खडकांवर गळपट्टेवाला सरडा पुनः पसरूं लागला. पाइनाबरोबर मिसूरींतून नाहींसा झालेला तपकिरी डोक्याचा नटहॅच हा चिमणीहूनहि लहान पक्षी २०२० व २०२१ सालीं आर्कान्सांतून आणून मार्क ट्वेन अरण्यांतील विरळ केलेल्या पाइनांत सोडण्यांत आला. सारे मिळून सुमारें शंभर पक्षी. मेलेल्या झाडाच्या मऊ पडलेल्या खोडांत तो आपलें घरटें कोरतो.