गावकुसाबाहेरचं भूत

(सिन्नर येथे वाचकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



वाचलेल्या एखाद्या पुस्तकावर बोल, असा हुकूम होता. मी भुताटकीचं पुस्तक घेऊन आलोय. हसू नका. माय सुपात पानं घेऊन विड्या वळायची आणि त्याच दिव्याच्या उजेडात मी नारायण धारप वाचायचो. धारपांवर ज्यांची छाप होती, त्यातला एक अमेरिकेतला एच. पी. लव्हक्राफ्ट. जन्मला १८९० ला, मेला १९३७ ला. त्याची 'द शॅडो ओव्हर इन्समथ' ही छोटी कादंबरी १९३१ ची. पुस्तक निघालं १९३६ ला.

एक तरुण इन्समथ नावाच्या पडक्या बंदरात जातो. तिथली माणसं वेगळीच दिसतात, डोळे बटबटीत, अंगाला मासळीचा वास. त्यांच्या वाडवडलांनी समुद्रातल्या जीवांशी सोयरीक केलेली. आजूबाजूच्या गावांनी त्यांना टाकलंय. रात्री ही माणसं त्याच्या खोलीचं दार फोडू बघतात. तो पळतो, सरकारला खबर देतो. सरकार वस्तीतली घरं सुरुंग लावून उडवतं, माणसं धरून नेतं. कुठं नेली, कुणाला कळत नाही.

खोटं कशाला बोलू, त्या दाराच्या प्रकरणात माझी बोबडी वळली. साला लिहिणारा जबरदस्त. पण वस्ती उडवली तिथं पुस्तक खाली ठेवलं. म्हटलं, आपण कुणाच्या बाजूनं घाबरतोय? ही तर बाटण्याची भीती! लव्हक्राफ्ट वंशद्वेष्टा होता. काळ्यांबद्दल, बाहेरून आलेल्यांबद्दल त्यानं पत्रांतून गरळ ओकलीय. तो हे लिहीत होता तेव्हा इकडं नाशिकला काळारामाचा सत्याग्रह चालू होता, २ मार्च १९३० पासूनचा. दाराच्या आत बसलेल्यांनाही आपल्या आज्यांचं असंच भ्या वाटत असणार.

त्याचे चाहते सांगतात, ही भीती विश्वाची आहे. विश्वाला माणसाची पर्वा नाही, हे कळलं की त्याच्या नायकांना वेड लागतं. च्यायला, एवढंच? गावाच्या मध्यभागी बसलेल्याला ते नवं असेल. आपल्याकडं तर भुतांनाही जात. मुंजा घ्या, ब्रह्मसमंध घ्या, मेल्यावरही जानवं सुटत नाही.

शेवट मात्र वेगळा आहे. त्या पोराला कळतं, आपली पणजी त्या समुद्रातल्यांचीच. आरशात त्याचं तोंडही तसंच होत चाललंय. तो पिस्तूल घेतो, पण झाडून घेत नाही. वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेल्या मामेभावाला सोडवायचं आणि दोघांनी समुद्रात आपल्या माणसांकडं जायचं, असं ठरवतो. लेखकानं हा भीतीचा कळस म्हणून मांडलाय.

मी शहरात खोली घेतली तेव्हा घरमालकाला आडनाव सांगितलं नव्हतं. माय भेटायला आली, तर एस.टी. स्टँडवरच चहा पाजून तिला परत पाठवली. तिच्या लुगड्याला तंबाखूचा वास होता. तिनं काही विचारलं नाही. आरशाचं ते पान वाचताना मला तो स्टँड दिसत होता.

व्हिक्टर लाव्हाल नावाच्या काळ्या लेखकानं २०१६ साली लव्हक्राफ्टचीच एक गोष्ट उचलली आणि हार्लेममधल्या काळ्या पोराच्या बाजूनं लिहिली, 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम'. तीही मिळवा. इन्समथ मी आणलीय, ज्याला हवी त्यानं न्यावी. इंग्रजी जड आहे, दोघांनी मिळून वाचा.