मसुराची गोणी

(पनवेलच्या युवक बैठकीतलं भाषण)



मी मॅट्रिक. न्हावा-शेवाला कंटेनर खाली करतो, उरलेल्या वेळात कविता. राष्ट्रवादाची व्याख्या माझ्याकडे मागू नका. मी गोणीवरून बोलणार.

आमच्याकडे कॅनडाचा मसूर येतो. तूरडाळ परवडत नाही तेव्हा आपली माय जी डाळ चुलीवर ठेवते, ती हीच. 18 सप्टेंबर 2023ला कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो संसदेत म्हणाले, निज्जरच्या खुनात भारत सरकारच्या एजंटांचा हात असल्याचा विश्वसनीय आरोप आहे. भारताने साफ नाकारलं. तीन दिवसांत कॅनडावाल्यांचे व्हिसा बंद. झालं! टपरीपासून लोकलच्या डब्यापर्यंत जो तो सेनापती. कॅनडावर बहिष्कार! आमच्या टोळीतला एक गडी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर कॅनडाला शिव्या घालणारे व्हिडिओ बघायचा, आणि सुट्टी संपली की पाठीवर कॅनडाचीच 50 किलोची गोणी. म्हटलं, "टाक ना खाली. कर बहिष्कार." तो म्हणाला, "हजेरी तुझा बाप देणार का?"

बरोबर बोलला. व्हिसा बंद झाले, मसूर चालूच राहिला. त्यावर तेव्हा आयात शुल्कसुद्धा शून्य होतं.

आता तिकडच्या गोदीचं ऐका. 2024च्या नोव्हेंबरात व्हँकुव्हर आणि मॉन्ट्रियलच्या बंदरांत मालकांनीच टाळेबंदी केली. 12 तारखेला ट्रुडोंच्या कामगारमंत्र्याने हुकूम सोडला, काम सुरू करा, तंटा सक्तीच्या लवादाकडे. का? तर देशाची अर्थव्यवस्था, देशाची पत. टाळं मालकाने लावलं आणि तोंड बंद केलं कामगाराचं! पुढे 2025ला ट्रम्पने जकातीचा सोटा उगारला, कॅनडाला 51वं राज्य करू म्हणाला. ऑन्टारियोच्या सरकारी दुकानांतून अमेरिकन दारू हलवली, घराघरावर मॅपलच्या पानाचा झेंडा लागला. ट्रम्पला विरोध व्हायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्याच लाटेत एप्रिलच्या निवडणुकीत एन.डी.पी. हा कामगार संघटनांच्या आधाराने उभा राहिलेला पक्ष 25 जागांवरून 7वर आला. डाव्या लोकांनीच लिबरलांना मतं दिली. आधी देश, मजुरीचं मग बघू.

हे 'आधी देश' आपल्या ओळखीचं आहे. 1984च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या लढ्यात जमिनीचा रास्त मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर इथेच, जासई-नवघरला गोळ्या झाडल्या. 5 जण गेले.

अन् हा मसूर पिकतो कुठे? बहुतेक सस्कॅचेवान प्रांतात. जमीन मूळची आदिवासींची. त्यांची पोरं सरकारने आणि चर्चने उचलून निवासी शाळांत कोंडली, स्वतःची भाषा बोलली की मार. 2021च्या जूनमध्ये त्याच प्रांतातल्या मॅरिव्हलच्या जुन्या शाळेजवळ नाव नसलेल्या 751 कबरी आढळल्याचं तिथल्या काउएसेस आदिवासींनी जाहीर केलं. त्या 1 जुलैला, त्यांच्या राष्ट्रदिनाला, व्हिक्टोरिया शहराने सोहळा रद्द केला. निदान एवढी लाज!

आपल्याकडे 1972च्या 15 ऑगस्टला राजा ढालेंनी 'साधना'त 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला. दलित बाईचं लुगडं फेडणाऱ्याला शिक्षा किती, झेंड्याच्या अपमानाला किती, असा रोकडा हिशेब मांडला. पांढरपेशा महाराष्ट्र खवळला. कशावरून? झेंड्यावरून. त्या बाईचं नाव कोणी विचारलं नाही.

बाबासाहेब 25 नोव्हेंबर 1949ला घटना समितीत सांगून गेले की जाती याच राष्ट्रविरोधी. मग देशद्रोही शोधायला कॅनडाला कशाला जायचं? तसे आपले काही शहाणे गेलेतच तिकडे, बॅगेत जात घालून. 2023च्या मार्चमध्ये टोरोंटोच्या शाळा मंडळाला जातीच्या छळाबद्दल ठराव करावा लागला. मसूर इकडे येतो, जात तिकडे जाते, दोन्हीला व्हिसा लागत नाही.

आता कामाचं. मसुराची धूळ बारीक असते, नाकातोंडात बसते, रात्रभर खोकला. आमचा कंत्राटदार वर्षभर मास्क देतो-देतो म्हणतोय. यंदा 15 ऑगस्टला त्याने प्रत्येकाच्या शर्टाला कागदी झेंडा मात्र स्वतः लावला. सोमवारी सकाळी सात वाजता गेटवर आम्ही मास्क आणि हातमोज्यांसाठी बसणार आहोत. पनवेलहून पहिली एस.टी. पकडली तर वेळेत पोचाल.