मुलास विचारावे काय?



‘मरून जावेसे वाटते काय?’ असे मुलास विचारले तर नसता विचार त्याच्या डोक्यात शिरेल, ही समजूत आपल्यांत रूढ आहे. ती खरी नाही. मायेने, एकांतात, पण स्पष्ट विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट कोंडलेल्या मनास वाट मिळते. खेळकर मूल अबोल झाले, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटू लागले, ‘मी नसलेलेच बरे’ म्हणाले, तर त्यास सोंग म्हणू नये. (छडीने हे दुखणे वाढतेच.) उत्तर होकारार्थी आले तर त्यास एकटे न सोडता घरातील विश्वासाच्या माणसास बोलवावे. ‘कोणास सांगू नका’ असे त्याने विनविले तरी तसे वचन देऊ नये. २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर शासनातर्फे अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. तो शिक्षकासही विचारता येतो.