हसवणाऱ्याची पेटी



मी एकपात्री प्रयोग करून पोट भरणारा माणूस. तुमच्या बोर्ली पंचतनच्या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी फोनवर बजावलं, ‘हसवा, पण थोडं विचाराचंही बोला.’ व्याख्यानमालेत ही अट असतेच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून आपला श्रोता घरी जाताना काहीतरी पदरात घेऊन जायचं म्हणतो. म्हणून आज पु. ल. देशपांडे यांच्या पेटीबद्दल, म्हणजे हार्मोनियमबद्दल बोलतो.

पु. ल. म्हटलं की आपल्याला ‘बटाट्याची चाळ’ आठवते, ‘वाऱ्यावरची वरात’ आठवते. पेटी मागाहून आठवते. माझ्या मते ती आधी आठवायला हवी, कारण त्यांचा विनोद त्या पेटीवर तयार झालेल्या कानातून आला.

१९५३ साल घ्या. ‘गुळाचा गणपती’ हा त्यांचा चित्रपट त्या साली आला. लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि भोळ्या नायकाचं काम, सगळं त्यांचंच. अशा खो खो हसवणाऱ्या चित्रपटात त्यांनी गदिमांचं ‘इंद्रायणी काठी’ भीमसेन जोशींकडून गाऊन घेतलं. आज भजनात ते सुरू झालं की म्हातारी माणसं डोळे मिटतात. हे विनोदी सिनेमातलं गाणं आहे, याची कुणाला आठवणही नसते. त्याच साली ‘देवबाप्पा’मधल्या ‘नाच रे मोरा’लाही त्यांनीच चाल दिली.

आता पेटीची गंमत ऐका. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली होती. तिचे सूर ठोकळेबाज, तिच्यातून मींड निघत नाही, असा आक्षेप. ही बंदी तीन दशकं टिकली. आणि १९५५ साली पु. ल. नोकरीला लागले ते याच रेडिओत! पेटीवाल्याने पेटी फाटकाबाहेर ठेवून आत संगीताची सेवा करायची. विनोदी लेखकाला याहून चांगली नोकरी कुणी दिली असती?

पेटीवाल्यांचा आणि रंगभूमीचा संबंध जुना. ‘मानापमान’च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीवालेच. त्या नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. बालगंधर्वांची मुलगी त्याच दिवशी गेली. तरी ते नायिका भामिनी होऊन उभे राहिले, गायले. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो. मला त्यात धंद्यातली एक साधी गोष्ट दिसते: घरचं सुतक विंगेपर्यंत येतं, पुढे प्रेक्षक तिकीट काढून बसलेले असतात.

माझे वडील भजनात पेटी वाजवायचे. बुवा बेसूर झाले तर ते चकार शब्द बोलत नसत. बरोबर सूर दाबून धरत आणि वर वाशांकडे बघत बसत. बुवा सुरात येईपर्यंत त्यांची नजर खाली येत नसे. वडील गेल्यावर मी ते बघणं माझ्या एका पात्राला दिलं. लोक दर वेळी हसतात. ते हसले की मला बरं वाटतं. गेलेल्या माणसाला माझ्यासारख्याने दुसरं काय द्यायचं? मला नक्कल येते.

पु. लं.नी हेच फार मोठ्या अंगाने केलं. बेळगावचे रावसाहेब त्यांनी ‘गणगोत’मध्ये रंगवले, ते त्यांच्या कानडी हेलासकट, शिव्यांसकट आणि गाण्याच्या वेडासकट. हसता हसता आपण शेवटाला येतो, तेव्हा रावसाहेब गेलेले असतात. अंतू बर्वा तर आपला कोकणातलाच. जगाला टोमणे मारणारा हा म्हातारा बायको गेल्याचं दुःख सांगतो ते दारच्या हापूसवर घालून. ती गेली आणि झाडाला मोहर येईना. पु. ल. तिथे एक शब्दही जास्त खर्चत नाहीत. कुठे थांबायचं हे त्यांना गाण्याने शिकवलं होतं.

त्यांच्या मैफिलीतली माणसं पुढे एकेक करून उठली. ३० जुलै १९८३ रोजी वसंतराव देशपांडे गेले. १९९२ च्या जानेवारीत कुमार गंधर्व गेले, सप्टेंबरात मल्लिकार्जुन मन्सूर. या तिघांवर पु. लं.नी लिहिलं आहे. ते वाचताना गाणं ऐकू येतं, तसा माणूसही दिसतो, त्याच्या बसण्या-बोलण्यासकट. शेवटच्या वर्षांत कंपवाताने स्वतः पु. लं.ना गाठलं. पेटीवाल्याला कंपवात! १२ जून २००० रोजी ते गेले. 

पु. लं.नी गेलेला माणूस त्याच्या खोडींसकट जपला. याउलट आपल्या शोकसभा पाहा. गेलेला माणूस सगळ्या सभांत एकच असतो: मनमिळाऊ, अजातशत्रू आणि न भरून निघणारी पोकळी. तो पत्त्यांत लबाडी करायचा, गाताना काळी पाचच्या वर गेला की किंचाळायचा, हे कुणी सांगत नाही. चांगुलपणाने आपण त्याला दुसऱ्यांदा पोचवतो.

माणसाबरोबर त्याचं गाणंही जातं. नुकसान म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ इथून हाकेवरच्या दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. कौलं उडाली, नारळ मोडले, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी पुन्हा लावता येते. फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, पण धरतं. चालीचं तसं नाही. जाखडीतली एखादी चाल, कोळीवाड्यातलं लग्नाचं गाणं, कोकणी मुसलमान घरांतल्या बायकांची हळदीची गाणी, ही एकेका गळ्यात असतात. तो गळा गेला की रोप कुठून आणणार?

म्हणून व्याख्यानमालेच्या मंडळाकडे एक मागणं आहे. पुढच्या वर्षी एक संध्याकाळ वक्त्याला बोलावू नका. गावातल्या, वाडीतल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना या व्यासपीठावर बसवा. शाळेतल्या पोरांच्या हातात मोबाइल द्या आणि गाणी भरून घ्या. गाणाऱ्याचं नाव, गाव आणि गाणं कुणाकडून शिकलं, तेवढं आधी बोलून ठेवा. गाता गाता मधे खोकला आला, शिवी आली, जावेला टोमणा आला, तर तेवढा भाग कापू नका.