तापीचं पाणी समुद्राला जातं, म्हणजे वाया जातं का?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी सगळी नोकरी समुद्राचं पाणी बाटल्यांत भरण्यात आणि ते तपासण्यात गेली. गावी आलो की हमखास प्रश्न येतो, "तू समुद्रमा काय करस रे भाऊ?" प्रश्न बरोबर आहे. जळगाव-धुळ्याला समुद्र नाही. पण आपल्याकडे तापी आहे, आणि तापी म्हणजे समुद्राकडे जाणारा आपला रस्ता आहे.

मुलताईला उगम पावलेली तापी एकूण ७२४ किलोमीटर वाहते. मध्य प्रदेशात २८२, महाराष्ट्रात २२८ आणि गुजरातेत २१४. चांगदेवला पूर्णा, रामेश्वरला गिरणा, मुडावदला पांझरा तिला मिळते. म्हणजे धुळ्यात पांझरेत टाकलेली वस्तू आणि जळगावच्या नाल्यातून गिरणेत गेलेलं पाणी, दोघांचा शेवटचा पत्ता एकच: सुरतेच्या पुढे, डुमसजवळ, अरबी समुद्र.

आता मुद्द्याचं बोलतो. आपल्याकडे प्रत्येक सभेत एक वाक्य ऐकू येतं, "आपलं पाणी समुद्रात वाया जातं." ज्याच्या विहिरीला मार्चमध्ये तळ लागतो, त्याच्या तोंडी हे वाक्य चूक आहे असं मी म्हणणार नाही. पाडळसेचं धरण किती वर्षं रखडलं, हे अमळनेर-चोपड्याच्या मंडळींना मी काय सांगणार? पाणी अडवलंच पाहिजे. फक्त "वाया" या शब्दावर माझी हरकत आहे.

नदी समुद्राला नुसतं पाणी देत नाही, ती त्याला जेवण देते. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजून आपली कापसाची काळी माती झाली. झिजताना त्यातली सिलिका पाण्यात विरघळते आणि नदीबरोबर समुद्रात जाते. तिथे डायटम नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती ती सिलिका घेऊन अंगाभोवती काचेसारखं कवच बांधतात. डायटम खाऊन बारीक प्राणी जगतात, त्यांच्यावर लहान मासे आणि लहान माशांवर मोठे. आणि या प्लवक वनस्पतींचा उपकार मासे न खाणाऱ्यांवरही आहे. पृथ्वीवर तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ निम्मा समुद्रातल्या अशा वनस्पती तयार करतात.

नदी आणि समुद्र जिथे भेटतात त्या खाडीत आणखी एक गंमत घडते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणून ते जड. नदीचं गोडं पाणी हलकं. भरतीला खारं पाणी खालून आत घुसतं, गोडं वरून बाहेर सरकतं. गढूळ पाण्यातले मातीचे कण मिठाशी गाठ पडली की एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. त्यातून चिखलाची मैदानं तयार होतात, त्यांवर तिवरांची झाडं उभी राहतात, आणि त्यांच्या मुळांत कोळंबी व माशांची पिल्लं वाढतात. खंबातच्या आखातात भरती इतकी मोठी असते की भावनगरकडे पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. हे सगळं खालून-वरून घुसळून काढणारी ती रवीच आहे.

आता या जेवणाच्या वाटेवर धरणं आली. १९७२ मध्ये उकाई झालं, १९८२ मध्ये आपलं हतनूर. दोन्ही गरजेची. पण धरण पाण्याबरोबर गाळही अडवतं. हतनूरमध्ये गाळ साचून साठवण घटते, ही आपली तक्रार. किनाऱ्याला गाळाची भर कमी मिळते, ही खालच्या लोकांची तक्रार. तक्रारी दोन, गाळ एकच. तो आपल्या बांधावरून, उघड्या पडलेल्या सातपुड्याच्या उतारावरून आणि पूर्णेच्या काठच्या वावरांतून वाहून आलेला आहे. माती शेतातच धरली तर शेताचं भलं आणि धरणाचंही. आणि पावसाळ्यात थोडं वाहतं पाणी खाली सोडलं, तर ते वाया गेलं असं नव्हे, ते कोणाच्या तरी पेरणीला गेलं.

उलटा हिशोबही बघा. आपला पाऊस येतो तो समुद्रावरूनच. म्हणून पाऊस समजून घ्यायचा तर समुद्राच्या पोटात डोकवावं लागतं. आज जगभरच्या समुद्रांत जवळजवळ ४००० आर्गो तरंगक सोडलेले आहेत. ते २००० मीटर खोल बुडी मारतात, दर दहा दिवसांनी वर येतात आणि तापमान व खारटपणाचे आकडे उपग्रहाला कळवतात. आपल्या देशात हे काम हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था पाहते. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करते आहे, आणि माणसांना ६००० मीटर खोल नेणारं 'मत्स्य-६०००' हे यान चेन्नईची संस्था तयार करते आहे. अशा कामाला समुद्रकाठी जन्मायची अट नाही, गणित आणि विज्ञान पक्कं लागतं. ते आपल्याला या शाळेने दिलं.

शेवटी एक मागणी. या मेळाव्याचा निधी उरणार आहे, असं खजिनदार म्हणाले. त्यातून दोन गोष्टी करू. एक, नववीच्या मुलांनी जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला रामेश्वरच्या संगमावरचं पाणी बाटलीत घ्यावं, गाळून, वाळवून, गाळाचं वजन वहीत लिहावं. खर्च अगदी किरकोळ, पण पाच वर्षांनी ती वही सगळ्यांना उपयोगी पडेल. दुसरी, दरवर्षी एक वर्ग भुसावळ-सुरत गाडीने डुमसला न्यावा. तिथली वाळू काळी आहे. मुलांनी ती मुठीत घ्यावी, आणि आपल्या वावरातली माती आठवावी. पहिल्या वर्षीचं गाडीभाडं मी देतो. पुढच्या वर्षांची नावं आज इथेच लिहून घ्या.