मिठीच्या काठचे साकीनाके

घाटकोपरहून अंधेरीकडे जाताना एकदा साकीनाक्याला मुद्दाम उतरा. डोक्यावरून 2014 साली सुरू झालेली मेट्रो जाते; खाली टेम्पो, रिक्षा आणि माणसे यांना एकच रस्ता. गल्लीबोळांत लहान कारखान्यांचा खडखडाट. जवळच काळ्या पाण्याचा एक नाला वाहतो. नाकाला रुमाल लावून पुढं जाऊ नका, ती नदी आहे. तिचं नाव, आता हसू येईल, पण मिठी!

विहार आणि पवई ही तळी एकोणिसाव्या शतकात बांधली गेली. त्यांचं ओसंडलेलं पाणी घेऊन ही नदी सुमारे अठरा किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळते. 1950 आणि 1957 साली मुंबईची हद्द वाढली, साष्टीतली गावं शहरात आली. मागोमाग कारखाने आले. कारखान्याला कामगार हवा होता. त्याला राहायला खोली लागेल, हा विचार मात्र कोणी फारसा केला नाही. सपाट, कोरडी जागा त्याला परवडेना. उरलं काय? टेकडीचा उतार आणि नदीचा काठ.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला त्याच्या दहावा हिस्सासुद्धा नाही! मिठी फुगली, आणि साकीनाक्याला टेकडीचा कडा झोपड्यांवर कोसळून पुष्कळ माणसे गाडली गेली.

दोष झोपड्यांना देणं सोपं होतं. पण नदीची वाट काय एकट्या झोपड्यांनी अडवली? विमानतळासाठी तिला वळवलं, धावपट्टी तिच्यावरून नेली. मुखाजवळच्या खाजणात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं. त्याला आपण विकास म्हणतो. पाण्याला हा भेद कळत नाही हो.

पुढं प्राधिकरण नेमलं गेलं, गाळ उपसला, पात्र रुंद केलं, भिंती बांधल्या. हे हवंच होतं. काठच्या कित्येक झोपड्याही हलवल्या. पण झोपडी हलते तसं काम हलत नाही. समजा, एखाद्याला दूर कुठं चौथ्या मजल्यावर पक्की खोली मिळाली. पोटापाण्याचा गाळा साकीनाक्यालाच. जाण्यायेण्यात तीन तास आणि मजुरीचा लचका जातो. मग वर्षा-दोन वर्षांनी ती खोली भाड्यानं देऊन तो पुन्हा नाल्याकाठी पोटमाळा शोधू लागला, तर त्याला काय म्हणाल?