मुलाखतीची तयारी अर्जापासून

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण 2025 गुणांपैकी 275 गुण मुलाखतीचे असतात. दिल्लीच्या धोलपूर हाऊसमधल्या मुलाखतीच्या खोलीत बरेचसे प्रश्न निघतात ते तुम्हीच भरलेल्या सविस्तर अर्जातून. छंद म्हणून ‘गडभ्रमंती’ लिहिलीत, तर शेवटचा गड कोणता चढलात, तिथल्या टाक्यांत पाणी कसं साठतं, हेही विचारतील. म्हणून अर्जाची प्रत घरच्यांच्या हाती द्या आणि शब्दाशब्दावर त्यांना प्रश्न विचारू द्या. उत्तर येत नसेल, तर सरळ ‘माहीत नाही, सर’ म्हणा. थाप लगेच उघडी पडते. आणि हो, मुख्य परीक्षा मराठीतून दिली असेल, तर मुलाखतही मराठीतून देता येते. मराठीत विचार करणाऱ्या मुलामुलींनो, हा हक्क संकोच न करता वापरा.